एफूचा ढोल

जलदानाचा विधी आटोपला, पंगती उठल्या, बौद्धाचार्य मोटरसायकलवर बसून सावली गावाकडे निघून गेले, आणि मग रिनानं ढोल माळ्यावरून खाली आणला.

बायनाबाई ओसरीच्या खांबाला टेकून सुपारी कातरत होत्या. अलीकडे त्यांना लांबचं नीट दिसत नसे. पोरगी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी कडेवर घेऊन, लेकरू सांभाळावं तशी, शिडीवरून उतरते आहे, एवढंच त्यांना दिसलं. तिनं ते मांडवात नेलं. पांढरी चादर घातलेल्या टेबलावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर आणि त्यांच्या पायाशी एफूचा फोटो होता. फोटोत एफू डोक्याला पिवळं फडकं बांधून मोठ्यानं हसत होती. मयताच्या फोटोत माणसानं असं हसू नये, असं सकाळी दोघी-तिघी कुजबुजल्या होत्या. पण न हसणारा तिचा फोटो घरभर शोधूनही सापडला नव्हता.

रिनानं सुतळी सोडली आणि ढोल फोटोशेजारी उभा केला. एकाच ओंडक्यातून कोरलेला, कमरेएवढा उंच, वरच्या अंगाला लाकडी खुंट्या ठोकून कातडं ताणलेलं.

वामनराव खुर्च्या एकात एक रचत होते. त्यांचा हात थांबला.

"ते काय हाय?"

"ढोल हाय, आबा."

"दिसते मले. इथी काऊन आणला?"

"मम्मीले वाजवून सोडाचं हाय," रिना म्हणाली. "दुपारी घानाहून आराबामावशीचा फोन येणार हाय. तिकडं सारे अंगणात जमून राह्यले. ढोल ऐकल्याबिगर ते तिले गेली म्हणत नाईत."

"मग वाजवतीन ना थे तिकडं."

"तिकडचा वाजनच. पण ज्या घरात माणूस मेला, त्या घरच्या गड्यामाणसाचा हात ढोलावर पडला पाह्यजे, असं हाय त्यायच्यात. बायानं नाचाचं, गड्यानं वाजवाचं."

वामनरावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. शाळेत मास्तर असताना छडी उचलण्याआधी ते असंच करत, हे बायनाबाईंना ठाऊक होतं. आणि छडी ते बहुधा उचलत नसत, हेही.

"या घरची बी एक रीत हाय, रिना."

"माहीत हाय मले. दरसाल सांगता."

दरसाल सांगत, ते खरं होतं. त्यांचे वडील डोमाजी पाटलाच्या दारचे वाजे. लग्न असो, मयत असो, दवंडी असो, गळ्यात डफडं अडकवून पाटलाच्या नालीपाशी बसायचं, पाऊस आला तरी बसूनच राहायचं, आणि पानावर जमिनीवर ठेवलेलं अन्न उचलून घरी आणायचं. छप्पन साली चांद्याला दीक्षा घेऊन डोमाजी परत आले, ते आंघोळ न करता आधी डफड्यापाशी गेले. भर रस्त्यात त्यांनी ते पेटवलं. त्या दिवसापासून या घरात वाजा नाही. लग्नातही नाही. जयंतीला गावात डीजे लागतो तेव्हाही वामनराव दार लावून पुस्तक वाचत बसतात.

आणि त्याच घरात एफू, खरं नाव एफुआ, ढोल घेऊन आली होती. वामनरावांचा मुलगा अश्वजित घाना देशात टार्क्वा नावाच्या गावी सोन्याच्या खाणीवर मशीन चालवायला गेला आणि तिथं तिच्याशी लग्न करून, सात वर्षांच्या रिनाला घेऊन परतला. गाव तिला घानाची सून म्हणे. बारा वर्षांत ती धान रोवायला शिकली, जवसाची चटणी कुटायला शिकली. ढोल तेवढा माळ्यावर राहिला. सुनेची वस्तू फेकून कशी द्यायची, म्हणून वामनरावांनी तो ठेवू दिला, पण त्यावर हात पडायचा नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. तिनं कबूल केलं. मग या भादव्यात तिला ताप आला. असले ताप तिनं टार्क्वात कितीतरी काढले होते, म्हणून ह्या तापाकडे कोणी फारसं पाहिलं नाही. तिनंही नाही.

"बाई, तू सांग हिले," वामनराव म्हणाले.

बायनाबाई त्यांच्याहून सात वर्षांनी मोठ्या. भावाची बाजू घ्यायची त्यांना इतकी सवय होती की शब्द आपोआप आले. "पोरी, ठेव बापा वर. आज भांडाचा दिस नाई."

रिनानं त्यांच्याकडे पाहिलं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "मी भांडून नाई राह्यली, आजी. मी मागून राह्यली."

ती ढोल उचलून मागच्या अंगणात घेऊन गेली. माळ्यावर ती ठेवायला गेली नाही, हे सगळ्यांनी पाहिलं.

*

अश्वजित विहिरीपाशी उभा राहून रस्त्याकडे बघत होता. आतलं सगळं त्याला ऐकू आलं होतं. आपण मध्ये जाऊन काहीतरी बोलायला हवं होतं, असं त्याला वाटत होतं, आणि आपण गेलो नाही याचं नवलही वाटत नव्हतं. एफूला ताप चढला तेव्हा तो सूरजागडच्या खाणीवर होता. रजा मिळून, गाड्या बदलत घरी पोचला तेव्हा ती माणसं ओळखत नव्हती. तो तिच्याशी मराठीत बोलला, इंग्रजीत बोलला, तिच्या भाषेतले त्याला येत होते तेवढे शब्द बोलला. ती छताकडे बघत राहिली.

आजचा प्रश्न मात्र त्यानं सोडवला होता. निदान सकाळपासून त्याची तशी समजूत होती.

मंगरू सायकल हातात धरूनच आला. कॅरिअरला डफडं बांधलेलं. पलीकडच्या गावचा वाजंत्री, पन्नाशी उलटलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला.

"जय भीम, बाबू. लय वाईट झालं. बाई चांगली होती. बजारात मले हात करे."

"जय भीम. ये मंगरूभाऊ. कसं करू, सांगतो. फोन येईन. तू मांडवाच्या बाहेर बसून वाजव. फोनमध्ये तू दिसाचा नाई, नुसता आवाज जाईन. असा ठेका हाय." त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दाखवला.

मंगरूनं मान तिरपी करून ऐकलं. "हे तर घुमून येते. जमते. आपलं काय, दोन हात, एक कातडं."

तो मांडवाबाहेर नालीच्या काठाशी उकिडवा बसला आणि डफडं मांडीवर घेऊन अंगठ्यानं चाचपू लागला. तेवढ्या आवाजानं वामनराव बाहेर आले.

"मंगरू?"

"जय भीम, गुर्जी."

"तू चौथीत होता माह्याकडं."

"चौथीतच ऱ्हायलो, गुर्जी," मंगरू हसला.

"आत ये. तिथी काऊन बसला?"

"इथीच बरा आहो. चप्पल काढा-घालाची कटकट."

वामनरावांनी मुलाकडे पाहिलं. अश्वजितनं जे ठरवलं होतं ते भरभर बोलून टाकलं. "बाबा, मीच बोलावलं. आपल्या घरचं कोणी हात नाई लावणार. मावशीले नुसता आवाज जाईन, तिले का दिसते कोण वाजवते? रिनाचं बी होते, अन् तुमची शपथ बी राह्यते."

"माही शपथ राह्यते?"

"हो ना. कोण मोडून राह्यलं?"

वामनराव नालीपर्यंत चालत गेले. खाली वाकताना त्यांना मांडवाचा बांबू धरावा लागला.

"माहा बाप असाच बसे," ते म्हणाले. "अशाच जागेवर. त्याले उठवाले माणसं नागपूर-चांद्याले गेली, घरादाराले मुकली. अन् तू काय केलं, अश्वजित? माहा बाप उठून रिकामी झालेली जागा व्हती, तिथी दुसऱ्याच्या बापाले आणून बसवला. आपले हात चोखे राहावे म्हणून. अन् वरून म्हणतो का शपथ राह्यली."

हे अश्वजितच्या मनात आलंच नव्हतं. खरोखरच आलं नव्हतं, आणि ते आता सांगूनही उपयोग नव्हता.

वामनरावांनी मंगरूचा दंड धरून त्याला उठवलं, मांडवात आणून खुर्चीवर बसवलं. "कांता, पान वाढ. मंगरू जेवून जाईन."

मंगरू खुर्चीच्या कडेला बसून राहिला. डफडं त्यानं पोटाशी धरलं होतं. कांताबाईंनी ताट आणून समोर ठेवलं. त्यानं त्याला हात लावला नाही.

"गुर्जी, मी जेवाले नाई आलो. वाजवाले आलो."

"मंगरू, गैरसमज नको करू. मी तुह्या भल्यासाठीच..."

"ते तुम्ही तवा बी सांगत होते. डफडं सोड, पुस्तक धर. तुमचं खरं असन. माहा पोरगा पुस्तक धरून राह्यला, गडचिरोलीले हाय. पण मी? गावोगावी डीजे आले, तरी माणूस मेला का मलेच सांगावा येते. माहा हात पडल्याबिगर तिरडी उचलत नाईत लोक." तो उठला. "माह्या वाजवण्यात तुम्हाले तुमचा बाप नालीपाशी दिसते. मले माहा बाप दिसते. लय सुंदर वाजवे माहा बाप. बोलावलं, अन् न वाजवता वापस पाठवता. असं कोणी नाई केलं आजवर."

"मंगरू..."

"जय भीम, गुर्जी."

सायकल फाटकाबाहेर जाईपर्यंत कोणी हललं नाही. ताटावर माशा बसू लागल्या तेव्हा कांताबाईंनी ते उचललं. नवऱ्याजवळून जाताना त्या थांबल्या. "तुमी दोघा बापलेकायनं त्याले पाह्यलंच नाई," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

*

मागच्या अंगणात पंगतीच्या चुलाण्यात अजून निखारे होते. रिना ढोलाला मिठी मारून बसली होती. कांताबाई आल्या, पदर खोचला आणि तिच्या हातातून ढोल काढून घेतला.

"वर ठेवतं काय?" रिनानं विचारलं.

"शेकतो. ओल हाय हवेत. कातडं ढिलं पडते." त्यांनी ढोल आडवा करून निखाऱ्यांपासून हातभर लांब धरला आणि भाकरी फिरवावी तसा सावकाश फिरवू लागल्या.

"आजी, तुले कसं माहीत?"

"तुह्या मायनं शिकवलं. दर उन्हाळ्यात आबा विहारात गेले का आमी दोघी हा खाली काढो. एफू जवसाचं तेल लावे, मी पुसो. वाजवला नाई कधी. शब्द देल्ला होता ना तिनं. पण बोटं चालत तिची. कातड्याच्या बोटभर वर, हवेतच. मी म्हणो, एफू, हे काय करून राह्यली? ते म्हणे, आई, ऐकून राह्यली."

रिना रडू लागली. आईनं तिलाही याच अंगणात पावलं शिकवली होती. ढोलाशिवाय, तोंडानं ठेका धरून, दाराकडे लक्ष ठेवत. शाळेत पोरं तिला 'ए आफ्रिका' म्हणून हाक मारत, जयंतीच्या मिरवणुकीत बाया तिला पुढं ढकलून 'नाच ना, तुमच्यात तर लय नाचतात' म्हणत, तेव्हा ती नाचली नव्हती. नाच फक्त या अंगणातला होता. हात डोक्यावर नेले म्हणजे काय, छातीशी आणले म्हणजे काय, ते सगळं आईनं सांगितलं होतं. गेलेल्या माणसाला सोडायला जायचं ते हातांनी बोलत, असं आई म्हणायची.

"पण वाजवन कोण, आजी? पप्पाले तर टाळी बी ठेक्यात येत नाई."

बायनाबाई काठी टेकत दारात येऊन उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"वामनले येते," त्या म्हणाल्या.

चुलाण्यात एक काटकी तडकली.

"काय म्हणता, बाई?" कांताबाईंनी वळून पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं.

"लहानपणी बाच्या संगं जाये ना. गळ्यात लहान डफडी अडकवून. बा थकला का हाच वाजवे. पाटलाच्या वरातीत लोक हाच पाहाले थांबत. बानं वाजा पेटवला तवा हा लय रडला. लोक म्हणाले, पोट्टं पाटलाच्या भेवानं रडते. म्या ओळखलं होतं. वाजा जळते म्हणून रडे थो." त्यांनी सुपारीचा तुकडा थुंकून टाकला. "मघा म्या त्याची बाजू घेतली. मंगऱ्या गेला तवापासून जिवाले बरं नाई वाटून राह्यलं."

रिना उठून सरळ मांडवात गेली. कांताबाईंनी शेकलेला ढोल उचलला, दोघी म्हाताऱ्या तिच्या मागोमाग गेल्या आणि ढोल पुन्हा फोटोशेजारी उभा राहिला. वामनराव फोटोसमोरच्या खुर्चीत बसले होते.

"आबा, तुम्हाले वाजवता येते म्हणे."

त्यांनी बहिणीकडे पाहिलं. बायनाबाईंनी नजर खाली केली नाही.

"येत होतं," ते म्हणाले.

"मंग वाजवा ना. एकच डाव. माह्या मायसाठी."

"बेटा, बानं माहे दोन्ही हात हातात घेऊन सांगलं होतं, हे हात आता पाटी-पुस्तकाचे. थे राख अजून गरम होती. त्याच हातानं मी जन्मभर फळ्यावर लिहिलं. तुह्या बापाले शिकवलं, तुले शिकवलं. आज वाजवला तर थो म्हातारा खोटा पडते."

"अन् नाई वाजवला तर माही माय?" रिनाचा आवाज चिरकला. "तिनं बी शब्द पाळला. हवेत वाजवत राह्यली ते. तुम्हाले आता कळलं, पण तिनं कधी तक्रार केली काय? तिकडं ते सारे विचारतीन, घरच्या माणसानं वाजवलं काय. मी काय सांगू? का तिले घरात ठेवलं, पण घरचं केलं नाई?"

"रिना!" अश्वजित म्हणाला.

"बोलू दे तिले," कांताबाई म्हणाल्या.

वामनराव बोलले तेव्हा आवाज इतका हळू होता की रिनाला वाकावं लागलं. "तू नाच. ढोल राहू दे इथी, फोटोजवळ. फोनवर तिकडचा वाजन, त्याले माही ना नाई. इतकं मी पयल्यांदा करून राह्यलो. याच्यापुढं माह्याकून नाई होणार. लय म्हातारा झालो मी, खरं सांगतो, आता नवीन माणूस होता येत नाई."

*

सिग्नल मांडवाच्या पूर्वेच्या कोपऱ्यातच येई. अश्वजितनं मोबाइल हातात उंच धरला. पडद्यावर टार्क्वाचं अंगण उघडलं: पत्र्याचे उतार, एटापल्लीच्या रस्त्यासारखी लाल माती, काळे-तांबडे कपडे घातलेली पुष्कळ माणसं. पुढं आराबा बसली होती. एफूचीच बहीण, कपाळ तेच, आवाज तोच. वामनरावांना त्या आवाजाची तयारी नव्हती.

आराबा इंग्रजीत बोलत होती. ती रडली, रिना रडली, मग आराबानं मागं वळून हात वर केला आणि तिकडे ढोल सुरू झाले.

मोबाइलमधून येणारा तो आवाज डब्यात खडे हलवावेत एवढाच होता. पण रिना पाऊल टाकू लागली आणि वामनरावांना दिसलं, की तिला तो पुरतो आहे. ती फार हळू चालत होती. नाच म्हणावा असं त्यात थोडंच होतं. गुडघे किंचित वाकलेले, हात एकमेकांभोवती फिरत. मग दोन्ही हात डोक्यावर गेले आणि तिथंच राहिले. बायनाबाई पुटपुटल्या, "असंच करो आमी. माय मेली तवा असेच हात नेले होते म्या." हे त्यांनी कोणाला उद्देशून म्हटलं नाही.

वामनराव एफूच्या फोटोकडे बघत होते. ही बाई बारा वर्षं याच घरात जेवली, याच घराच्या सोप्यावर झोपली, आणि त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं, तुमच्याकडे हे काय असतं म्हणून. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांनी पुस्तक मागवून वाचलं असतं.

आवाज तुटला.

पडद्यावर आराबाचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडानिशी थिजला होता आणि त्यावर एक चक्र फिरत होतं. अश्वजितनं हात आणखी वर केला, कोपरा बदलला, टाचा उंचावल्या. काही झालं नाही.

रिना थांबली नाही. तिनं फोनकडे पाहिलंही नाही. मांडवात आता फक्त तिच्या तळव्यांचा मातीवर घासल्याचा आवाज होता, आणि लांब कुठंतरी ट्रॅक्टरची घरघर.

वामनरावांना आधी कळलं नाही, की खुर्चीच्या हातावर काय वाजतं आहे. मग दिसलं, ती त्यांचीच बोटं होती. तो ठेका त्यांच्या बाचा नव्हता, वेगळा होता, मध्येच श्वास घेणारा. पण घाव कुठं पडणार ते बोटांना ठाऊक होतं. पुढचा पडला, त्याच्या पुढचा पडला. ढोल हात लांबवला तर पोचेल एवढ्यावर होता. कांतानं शेकून दिलेल्या त्या कातड्याचा वास येत होता. तो वास त्यांना सत्तर वर्षांपूर्वीपर्यंत घेऊन गेला, बाच्या पाठीमागं पाटलाच्या वाटेनं, आणि त्या वाटेवर आपण किती आनंदात चालत होतो हे त्यांना आठवलं. हीच तर लाज होती. अपमान बाचा होता, आणि ते लहान पोरगं आनंदात वाजवत होतं.

त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिले.

कांताबाईंनी ते पाहिलं. बायनाबाईंनीही पाहिलं. रिना वळणावर आली. इथं मोठा घाव पडायला हवा होता. तिनं पाऊल उचललं, क्षणभर अधांतरी ठेवलं आणि आजोबांकडे पाहिलं. त्यांनी हात आणखी दाबले. पाऊल एकटंच खाली आलं.

तिनं नाच शेवटपर्यंत नेला. शेवटी फोटोसमोर वाकली, हात छातीशी आणले, आणि काहीतरी तिच्या आईच्या भाषेत म्हणाली.

आणि मग फोन पुन्हा बोलू लागला.

"रिना? रिना! तुम्ही इथून दिसेनासेच झालात. तू थांबली तर नाहीस?"

"नाही, मावशी." रिना इंग्रजीत बोलत होती; धाप लागली होती. "पूर्ण केला."

"पण ढोल? आमचा आवाज तर तुटला होता. मग वाजवलं कोणी?"

रिनानं ओढणीनं तोंड पुसलं. पुसायला तिला जरा जास्त वेळ लागला.

"माझ्या आजोबांनी," ती म्हणाली.

अश्वजितच्या हातातल्या पडद्यावरचं अंगण एकदम तिरपं झालं. तिकडे कुणीतरी ते वाक्य मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं आणि बायकांनी एकच हुंकार केला, रडण्याचा की आनंदाचा ते कळेना. इकडे कांताबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. बायनाबाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या.

"त्यांना दे," आराबा म्हणाली. "मला त्यांच्याशी बोलायचं आहे."

अश्वजितनं फोन वडिलांसमोर धरला. वामनरावांनी मांड्यांखालून हात काढले. ते बधिर झाले होते. प्लास्टिकच्या खुर्चीची जाळी तळव्यांच्या मागच्या बाजूला लालभडक उमटली होती. फोन त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागला.

"एफुआ मला सांगायची," आराबा म्हणाली, "तुमच्या घरात ढोल का वाजत नाही ते. तुमच्या वडिलांचं सगळं तिनं सांगितलं होतं. ती तुमच्यावर रागावलेली नव्हती. आणि आज तुम्ही तिच्यासाठी वाजवलंत. आमच्याकडे वाजवणाऱ्याला आभार म्हणत नाहीत. हात दुखले का, असं विचारतात." ती थांबली. "हात दुखले का तुमचे?"

खरं काय ते सांगायला एकच वाक्य पुरलं असतं, आणि ते त्यांना नीट इंग्रजीत सांगता आलं असतं. त्यांनी रिनाकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाठ करून ढोलाला गोणपाट गुंडाळत होती.

"हो," वामनराव म्हणाले. "दुखले."

"मग ती पोचली," आराबा म्हणाली आणि रडू लागली.

रिनानं सुतळीला गाठ मारली, ढोल उचलला आणि कोणाकडेही न बघता आत गेली.